चवदार तळ्यात पोहायचं राहून गेलं

(वरळीच्या बीडीडी चाळीच्या पटांगणात, जयंतीच्या तयारीसाठी बोलावलेल्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय. दोन ठिकाणच्या शिव्या गाळल्यात. ज्यांनी ऐकल्या त्यांच्या त्या लक्षात असतील.)

मित्रांनो, आणि मागं जिन्यावर दाटीवाटीनं बसलेल्या आयाबायांनो, पोरींनो,

बैठक वर्गणीची आहे हे मला ठाऊक आहे. खजिनदार मघापासून वही मांडीवर घेऊन माझ्याकडं असा बघतोय की हा बाबा कधी एकदा खाली बसतो. मला दहा मिनिटं दिलीत, मी जास्त घेणार. आणि विषयही बदलणार. मला उन्हाळ्यावर बोलायचंय. हसू नका. एप्रिल-मे महिन्यात या मुंबई शहरात माणसानं मजा कशी करायची, कुठं खेळायचं, कुठं डुंबायचं, यावर.

आपल्या चळवळीत मजेवर कुणी बोलत नाही. आपलं कॅलेंडर काढून बघा. सहा डिसेंबर. जानेवारी उजाडला की १९७४ आठवतं. याच चाळींत पँथरची सभा उधळली, दंगल पेटली, आणि १० जानेवारीला परळला मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. मग कुठल्यातरी गावचा अत्याचार, त्याचा निषेध, त्याची शोकसभा. हे सगळं करायलाच लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या पोरानं सुट्टीत काय करायचं, हा प्रश्न आपण कायम दुसऱ्यांवर सोडला. कुणावर? तर ज्याच्या नावाचा चषक असतो त्याच्यावर. आमदार चषक, नगरसेवक चषक, भाऊ चषक, दादा चषक. चषक वीतभर आणि वर फोटो आठ फुटांचा. आपण मैदानात घाम गाळायचा आणि मतं त्यानं गोळा करायची.

आमच्या वेळचा मे महिना सांगतो. एका मजल्यावर वीस खोल्या, खोली एकशेसाठ फुटांची, आत आठ-नऊ माणसं. भिंती सिमेंट काँक्रीटच्या, त्या रात्री बारापर्यंत भट्टीसारख्या धगधगायच्या. पुरुष आणि पोरं आत झोपतच नव्हती. गॅलरीत, गच्चीवर, फुटपाथवर, सीफेसच्या कठड्यावर वळकटी टाकायची. बाया मात्र आत. उन्हाळा सगळ्यांना सारखा नव्हता, एका खोलीतसुद्धा.

दिवसभर क्रिकेट. रबरी बॉल, भिंतीवर कोळशानं ओढलेल्या तीन रेघा म्हणजे स्टंप. वन टप्पा आऊट. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत डायरेक्ट गेला तरी आऊट. त्यामुळं आमच्यातला एकही माणूस उंच फटका मारायला शिकला नाही, सगळे जमिनीलगत मारणारे. आणि संध्याकाळी कबड्डी. दोन चाळींच्या मधल्या पट्ट्यात लाल माती आणून टाकायची, पाणी मारून चोपायची, फक्कीनं रेघा ओढायच्या, वरती हॅलोजन. गिरणीची पाळी सुटली की डब्यासकट माणसं कडेला उभी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्या उन्हाळ्यात या पट्ट्यात जेवढी कबड्डी झाली तेवढी आधी कधी झाली नाही. मी सहावीत होतो, मला वाटायचं काय मस्त चाललंय, बाप दिवसा घरी, बाप आपल्याबरोबर खेळतोय. बाप का घरी आहे हे कळायला अजून वर्ष गेलं. माझ्या बापाची चढाई मी त्याच उन्हाळ्यात पहिल्यांदा बघितली, आणि शेवटची.

हे एवढं सांगतोय कारण तो पट्टा आता जातोय. २०७ चाळी होत्या बीडीडीच्या, वरळीत त्यातल्या १२१. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पाचशे फुटांचं घर. मिळालंच पाहिजे, शंभर वर्षं एकशेसाठ फुटांत काढलीत. ज्याला चाळीची फार आठवण येते त्यानं मे महिन्यात एक रात्र त्या खोलीत झोपून दाखवावं. पण तुम्ही पोरांनी एक काम करा. नवा नकाशा मागा आणि त्यात मधला पट्टा शोधा. कबड्डीचं मैदान तेरा मीटर बाय दहा मीटर लागतं, पुरुषांचं. बायकांचं बारा बाय आठ. एवढी जागा, उघड्यावर, मातीची, कुठं दाखवलीय ते बोट ठेवून विचारा. गाड्या कुठं लागणार हे नकाशात पहिल्यांदा दिसतं.

आता जरा चर्चगेटला उतरा माझ्याबरोबर. मरीन ड्राइव्हनं चालत निघालात की डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला ओळीनं जिमखाने. पारशी, इस्लाम, हिंदू. गोऱ्या सरकारनं धर्मावार जमिनी वाटल्या. गोऱ्यांचा स्वतःचा बॉम्बे जिमखाना वेगळा, आझाद मैदानाच्या टोकाला, १८७५ चा. हिंदुस्थानातली पहिली कसोटी तिथंच झाली, डिसेंबर १९३३ मध्ये, आणि त्या काळी त्या क्लबाचं सभासदत्व नेटिवाला मिळत नव्हतं. सामने कसे, तर युरोपियन विरुद्ध पारशी, पारशी विरुद्ध हिंदू, हिंदू विरुद्ध मुसलमान. आता मला सांगा, आपण कुठल्या जिमखान्यात होतो?

होतो. एक माणूस होता. पळवणकर बाळू. चांभाराच्या घरातला, जन्म १८७६. पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर पिच लाटायचं, नेट लावायचं, झाडलोट करायची. सायबाला सरावाला बॉल टाकायला कुणीतरी लागायचं, म्हणून याच्या हातात बॉल आला. बॅट मात्र हातात दिली नाही. डावखुरा फिरकी टाकायचा. साहेबलोकांना असा नाचवायला लागला की पुण्याच्या हिंदूंना प्रश्न पडला, याला घ्यावं का? घेतला. बॉल त्यानं हातात धरला तर चालतो, त्याच बॉलला बाकीच्यांचे हात लागतात तरी चालतं. चहा मात्र त्याला मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. फेकून द्यायच्या भांड्यात! बॉल विटाळत नाही, कप विटाळतो. हे शास्त्र कुठल्या पोथीत आहे ते शंकराचार्यालाच विचारा.

पुढं तो मुंबईला आला, हिंदू जिमखान्याकडून खेळला. १९०६ ला हिंदूंनी गोऱ्यांना हरवलं त्यात तो होता. १९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि ११४ विकेटा काढल्या. एकशे चौदा! बाकी टीम मार खात होती आणि हा एकटा एका बाजूनं बॉल टाकतोय. एवढं करूनही हिंदूंची कप्तानी? नाव नाही. १९२० ला त्याला डावललं तेव्हा त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतलं. तुम्ही माघार म्हणाल, मी त्याला संप म्हणतो. मैदानातला संप. आणि १९२३ ला त्याच हिंदूंना विठ्ठलला कप्तान करावं लागलं.

हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात मुंबईत उभा राहिला आणि पडला, हेही सांगितलं पाहिजे. म्हणून आपण त्याला विसरलो की काय कोण जाणे. मला वाटतं ते चूक आहे. बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला त्याचा निकाल मतदारांनी त्याच वर्षी लावला. ११४ विकेटांचा निकाल कोण लावणार? प्रभादेवीला त्याच्या नावाचा रस्ता आहे, पी. बाळू मार्ग. इथून चालत जाण्यासारखा आहे. तुमच्यातले किती जण त्या रस्त्यानं टेनिस बॉलच्या मॅचला जातात, आणि पी. बाळू म्हणजे कुणीतरी बिल्डर समजतात? हात वर करू नका, मला माहीत आहे.

आता बरंच बदललं. २००८ पासून एप्रिल-मे म्हणजे आयपीएल. वानखेडेचं तिकीट कुणाला परवडतं आणि कुणाला नाही, यावर मी भाषण झोडणार नाही. फक्त कधीतरी मॅच सुटल्यावर सकाळी जाऊन बघा, सीटाखालचे पॉपकॉर्न आणि प्लॅस्टिकचे ग्लास कोण गोळा करतंय. आडनावं विचारा. आणि कबड्डी? २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डीची पहिली मॅच झाली ती आपल्या वरळीतच, एनएससीआयच्या डोममध्ये, आपल्यापासून चालत अर्ध्या तासावर. मॅट, लाइट, गाणी, बच्चन मंडळी. वाईट नाही. आपल्यासारख्याच घरांतल्या पोरांना त्यातून पैसे मिळाले, नाव मिळालं, मिळू दे. पण मातीत खेळणाऱ्याला मॅटवर बूट लागतात. बूट आहेत का आपल्या टीमकडं? मागच्या महिन्यात आपली टीम मॅटवर खेळायला गेली तेव्हा पाच जणांत दोन जोड फिरत होते.

फुकट काय आहे तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता रडतोय. आझाद मैदानावर बावीस पिचं आहेत. ओव्हल आहे, क्रॉस मैदान आहे. तिथं एका वेळी इतके सामने चालतात की एकाचा फील्डर दुसऱ्याच्या पिचवर उभा असतो. जाऊन नुसतं कडेला बसलात तरी क्रिकेट शिकाल. रेसकोर्स बघा. २११ एकर जमीन घोड्यांना. लीज २०१३ ला संपली, आणि २०२४ ला ठरलं की त्यातली १२० एकर महापालिकेकडं येऊन सगळ्यांसाठी बाग होणार. होणार म्हणजे कशी होणार, आत काय बांधणार, यावर डोळा ठेवायला आपली माणसं पाहिजेत. शिवाजी पार्क आहेच. सहा डिसेंबरला आपण लाखानं तिथं असतो, उघड्यावर झोपतो, आणि आसपासचे पांढरपेशे नाक मुरडतात. मे महिन्यात त्याच पार्कात दहा-दहा कोचिंग क्लास लागतात, पांढऱ्या कपड्यातली, पाठीवर किटबॅग घेतलेली पोरं. आपण फक्त मरणाच्या तारखेला तिथं जायचं, आणि खेळायला दुसऱ्यांनी? सात डिसेंबरलाही पार्क तिथंच असतं रे.

आता मुद्द्यावर येतो. पाणी.

मी आठवीत होतो, १९८४ चा मे. आम्ही चौघं दोस्त एका पोहण्याच्या तलावावर गेलो. नाव घेत नाही. बसचे पैसे वाचवून गेलो, चालत परत यायचं ठरवून. जाळीतून निळं पाणी दिसत होतं. तसलं निळं पाणी आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. दारावरच्या माणसानं सांगितलं, फॉर्म आणा, डॉक्टरचा दाखला आणा, दोन फोटो, फी, आणि एका जुन्या सभासदाची शिफारस. मग विचारलं, राहता कुठं? सांगितलं. तो हसला. जात विचारली नाही, खोटं कशाला बोलू. पत्ता विचारला, तेवढ्यात काम झालं.

पुढच्या रविवारी आम्ही सीफेसला खडकावरनं उतरलो. भरतीची वेळ होती. चौघांतला एक परत आला नाही. तो आमच्यात सगळ्यात धीट होता, म्हणून पुढं गेला. पोहता आमच्यातल्या कुणालाच येत नव्हतं. त्याची आई अजून आहे, इथंच आहे, मागं कुठंतरी बसलेली असेल. मावशी, तुम्हाला न विचारता बोललो, माफ करा.

मी पुष्कळ वर्षं विचार केला की आपल्याला पोहता का येत नाही. कोकणातनं आलेली माणसं आपण, नदीकाठची, घाटावरनं आलेली. गावाला पाणी नव्हतं का? होतं. पण विहीर त्यांची, पाणवठा त्यांचा. आपल्या आज्याला ओंजळ मिळायची ती वरनं, दुसऱ्याच्या हातानं. ओंजळीत कुणी पोहायला शिकतं का? २० मार्च १९२७, महाड. ऊन तापलेलं. चवदार तळं नगरपालिकेनं आधीच खुलं केलं होतं, कागदावर. बाबासाहेब पायऱ्या उतरले, पाणी प्यायले, मागून हजारो प्यायले. मग गावातल्या सवर्णांनी काठ्यांनी डोकी फोडली आणि शेण, गोमूत्र, दही घातलेल्या एकशे आठ घागरींनी तळं शुद्ध केलं. कोर्टाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षं एका घोटाला. पण त्या दिवशी आपण पाणी प्यायलो, मित्रांनो, तळ्यात उतरून पोहलो नाही. पोहायचं राहून गेलं.

हे जुनं आहे म्हणाल. जून २०१८, जळगाव जिल्हा, जामनेर तालुक्यातलं वाकडी गाव. मातंग समाजाची पोरं, उकाडा होता म्हणून विहिरीत पोहली. त्यांना नागवं करून पट्ट्यानं मारलं आणि त्याचा व्हिडिओ काढला. व्हिडिओ फिरला म्हणून आपल्याला कळलं. ती पोरं काही सत्याग्रह करायला उतरली नव्हती. उन्हाळा होता, पोरं होती, पाणी होतं, बस. एवढंच मागत होती ती. आणि मुंबईला नाकं मुरडायचा हक्क नाही. ब्रीच कँडीचा तलाव गोऱ्यांसाठी होता तो स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं गोऱ्यांसाठीच राहिला. आज फलक कुठंच नाही. आज फॉर्म आहे, फी आहे, ऑनलाइन नोंदणी आहे आणि पत्ता आहे.

म्हणून माझं म्हणणं ऐका. मागच्या जयंतीचा हिशोब खजिनदाराच्या वहीत आहे. वर्गणी जमली एक लाख चाळीस हजार, त्यातले पंच्याऐंशी हजार डीजेला गेले. एका रात्रीचे! दहाला बंद करायला लागला, पोलीस आले, हुज्जत झाली, दोन पोरांवर केस. मला ठाऊक आहे आता कुणीतरी म्हणणार, डीजे नको म्हणणारा बामण झाला का? नाही झालो. मिरवणुकीत मी नाचतो, यंदाही नाचणार, ज्याला बघायचंय त्यानं यावं. जयंती हा आपला उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा सण आहे, १९२८ साली पुण्यात जनार्दन रणपिसे यांनी ती पहिल्यांदा साजरी केली तेव्हापासून आपण ती आपल्या खिशातून करत आलोय, कुठल्या देवस्थानाच्या पेटीतून नाही. रस्ता एक दिवस आपला होतो. म्हातारी माणसं नवं लुगडं नेसून रस्त्याच्या मधोमध चालतात. ते बंद करा असं कोण म्हणेल? माझं म्हणणं, ढोल-लेझीम घ्या, आपल्याच पोरांचं बेंजो पथक घ्या, वीस हजारांत भागवा. उरलेले पासष्ट हजार मला द्या. मला म्हणजे या यादीला.

यादी अशी. वीस पोरं-पोरी, दहा ते सोळा वयाची, पोहायला शिकवायला. महापालिकेचे तलाव आहेत, दादरला शिवाजी पार्कच्या बाजूला मोठा आहे. गेल्या काही वर्षांत महापालिकेनं मे महिन्यात एकवीस दिवसांचे शिकाऊ वर्ग चालवलेत. नोंदणी उघडली की चार-पाच मोबाईल घेऊन बसायचं, रेल्वेच्या तत्काळ तिकिटाला बसता तसं. फॉर्म मी भरून देतो, डॉक्टरच्या दाखल्याचं आपल्या विहारात बसणाऱ्या डॉक्टरांशी बोललोय, ते पैसे घेणार नाहीत. वीसमध्ये दहा पोरी पाहिजेत. कुरकुर ऐकू येतेय मला तिकडनं. पोशाखाचं काय, लोक काय म्हणतील. अहो, ज्या पोरी मिरवणुकीत पहाटेपर्यंत लेझीम खेळतात त्यांना तुम्ही मैदानात का उतरू देत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. कबड्डीचा पट्टा आठवड्याचे तीन दिवस पोरींचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पोरांनी त्या दिवशी पाणी मारून द्यायचं आणि गॅलरीत उभं राहून बघायचं. इतकी वर्षं त्या बघत होत्या, आता तुम्ही बघा.

दुसरं, बूट. सात जोड. त्यावर चर्चा नको.

तिसरं, बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात कान्हेरी. बोरिवलीला उतरायचं, नॅशनल पार्क. सकाळी सहाची लोकल, उन्हाच्या आत वर. शंभराहून जास्त लेणी एका डोंगरात, कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दान देऊन कोरलेली. मूर्ती बघाच, पण मी तुम्हाला दाखवणार आहे ती पाण्याची टाकी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेलं एक. पावसाचं पाणी वरनं पन्हाळीनं उतरवून त्यात साठवायचं. जुन्या लेखांत त्याला पोढी म्हटलंय. ऐन मे महिन्यात डोंगराच्या माथ्यावर भिक्खू राहत होते ते या पोढींच्या जिवावर. डोंगरावर शाळा, डोंगरावर पाणी, आणि दाराशी टाकं, कुणाची ओंजळ नको. डबे घरनं आणा, वरती खायचे वांधे असतात आणि माकडं हातातलं हिसकावतात. सोमवारी बंद असतं, म्हणून रविवार धरलाय.

झालं. आता खजिनदारानं बोलावं, आणि ज्याला विरोध करायचाय त्यानं उभं राहून करावा, नंतर पानाच्या टपरीवर नको. एकच राहिलं. वीस नावं पोरांची, एकविसावं माझं लिहा. वय पंचावन्न. त्या रविवारनंतर मी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही, महापालिका मोठ्या माणसांचाही वर्ग घेते असं कळलंय. चड्डी माझी मी घेईन, वर्गणीतनं नको.

वही इकडं दे रे. लिही. जय भीम.